वाचक विचारतात : ऊन, वाळू आणि टायर

प्रश्न : समुद्रकाठच्या शहरात गाडीने जायचं आहे. उन्हात टायर फुटू नयेत म्हणून हवा कमी ठेवावी का? आणि गाडी वाळूत रुतली तर?

उत्तर : हवा कमी मुळीच ठेवू नका. कमी हवेच्या टायरची बाजू सतत वाकते, तापते आणि तिथेच फाटते. किती हवा भरायची, त्याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. गाडी भरलेली असेल तर त्याचा वेगळा आकडा असतो, तो घ्या. प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर गार असतानाच हवा भरा. वाटेत दाब चार-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढलेला दिसेल. म्हणून हवा सोडू नका.

साध्या गाडीने वाळूत उतरूच नये, हे आमचं मत. रुतलीच तर रेस देऊ नका. चाक खड्डा खणतं आणि गाडी पोटावर टेकते. सगळ्यांना उतरवा, चाकांमागची वाळू उपसा, हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवा, स्टिअरिंग सरळ ठेवून आल्या चाकोरीतूनच हळू मागे घ्या. पकड मिळावी म्हणून गाडीतली पायपुसणी टाकायची तर इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांमागे. (भरती येत असेल तर मदतीला आधीच फोन लावा.) पक्क्या रस्त्यावर वेग घेण्यापूर्वी हवा परत भरा. त्याच दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा.