जर्मन येत नसताना नाताळ आणि नववर्षाच्या शुभेच्छा कशा ओळखाव्यात

नोव्हेंबरअखेर पुण्याहून स्टुटगार्टला येत आहात, जर्मन अजून येत नाही, आणि नाताळात सहकाऱ्यांचे वा शेजाऱ्यांचे बोलणे न समजल्यामुळे आपण उद्धट ठरू की काय, अशी शंका तुम्ही विचारली आहे. शंका रास्त आहे. पण कोणती शुभेच्छा केव्हा द्यायची हे इथे बरेचसे ठरलेले असल्यामुळे तारीख ध्यानात ठेवली, तर निम्मे काम होते.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात ‘शोनेन आडव्हेंट’ कानावर पडते. पुढे ‘फ्रोहे वाइनाख्टन’ ही खास नाताळची आणि ‘शोने फायरटागे’ ही एकूण सणाच्या सुट्ट्यांची शुभेच्छा सुरू होते. समोरचा नाताळ साजरा करतो की नाही हे ठाऊक नसले, की दुसरी सोयीची पडते. मुख्य सण 24 डिसेंबरच्या संध्याकाळी असतो, 25 आणि 26 या दोन्ही दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, आणि दुकाने 24 तारखेला दुपारीच बंद होत असल्याने दूध-भाजी आधी भरून ठेवावी.

‘गूटन रुच’ (नव्या वर्षात सुखरूप पाऊल पडो) मात्र नीट लक्षात ठेवा. मावळत्या वर्षात निरोप घेताना, 31 डिसेंबरपर्यंत, हेच म्हणतात. ‘फ्रोहेस नॉयेस’ (नववर्षाच्या शुभेच्छा) हे मध्यरात्र उलटल्यावरच, आणि मग जानेवारीत जो जो पहिल्यांदा भेटेल त्याला. आगाऊ शुभेच्छा अशुभ, असा समज इथे आजही आहे. आपल्याकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी सहज दिल्या जातात. इथे ते कटाक्षाने टाळावे, समोरच्याला खरोखर खटकते.

उत्तरासाठी ‘डांके, ग्लाइशफाल्स’, म्हणजे ‘धन्यवाद, तुम्हालाही’, एवढे तोंडात बसवा. वरील सर्व शुभेच्छांना ते चालते, शिवाय जेवणापूर्वीच्या ‘गूटन आपेटीट’लाही. वयस्क शेजाऱ्यांना ‘ईनन आउख’ (आपल्यालाही) म्हटलेत तर त्यांना अधिक आदर वाटेल. वाढदिवसाच्या शुभेच्छांना अर्थातच नुसते ‘डांके’.

6 जानेवारीच्या आसपास काही दारांच्या चौकटींवर खडूने लिहिलेले आकडे आणि सी, एम, बी ही अक्षरे दिसतील. राजांच्या वेशात दारोदार गाऊन गरजू मुलांसाठी निधी जमवणारी कॅथलिक मुले घराला आशीर्वाद म्हणून ती लिहितात, तेव्हा पुसू नयेत.

माझ्या मते बोललेल्या शुभेच्छांपेक्षा लिहिलेल्या अधिक काळजीपूर्वक पाहाव्यात. डॉक्टर, घराचे व्यवस्थापन, विमा कचेरी यांचे डिसेंबरातले पत्र किंवा ईमेल शांती आणि आरोग्य चिंतणाऱ्या लांबलचक वाक्याने सुरू होते. ते शुभेच्छापत्र समजून नवखा माणूस बाजूला ठेवतो, आणि त्याच्याच तळाशी कामाची ओळ राहून जाते. तिथे ‘गेश्लोसन’ (बंद) हा शब्द आणि दोन तारखा शोधा, उदाहरणार्थ 23.12. ते 6.1.; स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये 6 जानेवारीलाही सार्वजनिक सुट्टी असते. दवाखान्याच्या पत्रात ‘फरट्रेटुंग’ या शब्दापुढे बदली डॉक्टरांचे नाव आणि पत्ता असतो, तो तेव्हाच फोनमध्ये उतरवून घ्या. दवाखाने बंद असताना तातडीचे पण जिवावरचे नसलेले दुखणे उद्भवले तर 116117, आणि जिवावर बेतले तर 112 लावावा.