माँट्रियलमधले बेताच्या खर्चातले जेवण

प्रश्न : येत्या जानेवारीत आम्ही पती-पत्नी मुलीकडे माँट्रियलला जाणार आहोत. एखाद्या लहानशा उपाहारगृहात कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे घरगुती पद्धतीचे जेवण फारसा खर्च न करता जेवावे, अशी इच्छा आहे. मी मांसाहारी आहे, परंतु गोमांस खात नाही. पत्नी शाकाहारी असून तिला अंडे चालते. तळलेले बटाटे, चीज आणि सॉस यांच्या सर्वपरिचित ‘पुतिन’खेरीज काय मागवावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : प्रथम वेळेविषयी. क्वेबेकच्या फ्रेंचमध्ये ‘दीने’ म्हणजे दुपारचे जेवण आणि ‘सुपे’ म्हणजे रात्रीचे. तेव्हा फळ्यावर ‘दीने’ पाहून संध्याकाळपर्यंत थांबू नये. लहान उपाहारगृहांत दुपारी बहुधा ‘ताब्ल दोत’ मिळते, म्हणजे सूप, मुख्य पदार्थ, गोड आणि चहा-कॉफी असे ठरावीक दरातले पूर्ण जेवण. हेच पदार्थ सुटे मागवल्यास बहुतेक वेळा महाग पडतात.

क्वेबेकचे घरगुती जेवण मुळात लाकूडतोड्यांचे, शेतकऱ्यांचे आणि गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांचे आहे. कडाक्याच्या थंडीत दिवसभर राबणाऱ्या माणसाला थोडक्या पैशांत अंगात ऊब राहील असे अन्न हवे होते आणि ते डुकराची चरबी, बटाटे, कडधान्ये व मेपल या झाडाच्या रसाचा पाक यांतून उभे राहिले. ‘फेव्ह ओ लार’ हा त्याचा उत्तम नमुना. पांढरे घेवड्याचे दाणे खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर कित्येक तास मंद आचेवर शिजवतात आणि त्यांत काकवी किंवा मेपलचा पाक घालतात. बोलीत या दाण्यांना ‘बीन’ म्हणतात (हा शब्द इंग्रजीतूनच आला आहे), आणि 1938 मध्ये सुरू झालेल्या ‘ला बिनरी माँ-रॉयाल’ या माँट्रियलच्या जुन्या उपाहारगृहाचे नावही त्यावरूनच पडले. आमच्या मते उपाहारगृहाची पारख पुतिनवरून करू नये, या दाण्यांवरून आणि पिवळ्या वाटाण्याच्या घट्ट सूपवरून करावी, कारण या दोहोंत घाई लपत नाही.

आपल्यासाठी ‘तुर्तिएर’ हा पिठाच्या पारीत मांस भरून भाजलेला पदार्थ (इंग्रजीत ‘पाय’) योग्य ठरू शकेल, पण तो केवळ डुकराच्या मांसाचा असतोच असे नाही. वासराचे किंवा गाईचे मांसही मिसळतात, म्हणून आधी विचारावे. ‘पाते शिन्वा’ मात्र टाळावे. नावात चीन असला तरी ते गोमांसाचा खिमा, मका आणि कुस्करलेला बटाटा यांचे थर लावून भाजलेले अस्सल क्वेबेकी जेवण आहे.

पत्नींसाठी अडचण अधिक आहे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. वाटाण्याच्या सूपमध्ये सहसा डुकराचे मांस असते, दाण्यांत तर असतेच. पुतिनमध्ये बटाट्याचे तळलेले काप आणि ताज्या चीजचे दाताखाली कुरकुर वाजणारे तुकडे असतात, पण वरचा तपकिरी सॉस बहुधा मांसाच्या रसाचा असतो. काही ठिकाणी मशरूमचा किंवा भाज्यांचा सॉस मिळतो, तो आवर्जून मागावा. तळण्याचे तेल कोणते, हेही विचारावे. रेनेट (चीजसाठी दूध फाडणारे, वासराच्या जठरातूनही काढले जाणारे द्रव्य) वर्ज्य असल्यास चीजचीही चौकशी करावी लागेल.

बिलाबाबत एक हिशेब ध्यानात ठेवावा. यादीतल्या दरावर 5 टक्के केंद्रीय आणि 9.975 टक्के प्रांतीय कर लागतो, आणि वर सुमारे 15 टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे. म्हणजे 20 डॉलरचे जेवण 26 डॉलरला पडते. बक्षिसी करापूर्वीच्या रकमेवर काढावी. नळाचे पाणी विनामूल्य असते.

शेवटी गोड. 1929 नंतरच्या मंदीत रुजलेले ‘पूदिंग शोमर’, म्हणजे बेकारांचे पुडिंग, पत्नींना खाता येईल; मात्र त्यात चरबी नव्हे, लोणीच वापरले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. केकच्या साध्या पिठावर साखरेचा किंवा मेपलचा उकळता पाक ओतून ते भाजतात. भाजताना केक वर येतो आणि पाक तळाशी दाटतो. ते इतके गोड असते की दोघांत एकच मागवावे.