अलाइनमेंटनंतर ईएसपीचा दिवा लागला, तर स्टिअरिंग अँगल सेन्सर बदलायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खड्ड्यांनी टायरॉड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला पोहोचवणारा दांडा) गेला, तो बदलून अलाइनमेंट करून घेतली, दोन दिवसांत ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. आता गॅरेजवाला म्हणतो स्टिअरिंग अँगल सेन्सर गेलाय, नवा टाकायला २२ हजार. टाकू का?

एवढ्यात नको. मी मुलुंडला गाड्यांच्या वायरिंगचं आणि स्कॅनिंगचं काम करतो. आधी अलाइनमेंट, मग दिवा, हा क्रम वाचूनच मला सेन्सरपेक्षा त्या अलाइनमेंटचा संशय जास्त येतोय.

हा सेन्सर बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या मागे, कॉलमवर असतो. स्टिअरिंग किती अंश आणि किती वेगाने फिरवलं ते तो कॅन लाइनवरून (गाडीतली मॉड्यूल्स एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी) ईएसपीच्या मॉड्यूलला, म्हणजे त्याच्या कॉम्प्युटरला, सांगत राहतो. मॉड्यूल चाकांचा वेग बघतं, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय ते यॉ सेन्सरकडून घेतं आणि हिशेब जुळवतं. हिशेब जुळला नाही की दिवा. म्हणजे स्कॅनरवर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं तरी गुन्हेगार तोच असेल असं नाही, त्याच्या नावाने फक्त तक्रार नोंदली गेलीय.

पहिलं काम, कोड नेमका कोणता ते लिहून मागा. यू०१२६ असेल तर मॉड्यूलला सेन्सरचा आवाजच येत नाही, म्हणजे सप्लाय, अर्थिंग, कपलर (वायरींचा जोड) किंवा कॅन लाइन बघायची. यू०४२८ असेल तर आवाज येतोय, पण सांगितलेलं पटत नाही. सी००५१ सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. कंपनीगणिक स्वतःचे वेगळे कोडही असतात. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं ब्लूटूथ यंत्र आणि फुकटचं अ‍ॅप बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड वाचतं. त्यात ‘नो फॉल्ट’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, एबीएस-ईएसपीच्या मॉड्यूलमध्ये शिरणारा स्कॅनर लागतो.

आता खरी परीक्षा, लाइव्ह डेटा. त्याला अर्धा तास पुरतो, तरी गॅरेजमध्ये तेवढंच कुणी करत नाही. इंजिन चालू ठेवून स्क्रीनवर स्टिअरिंग अँगलचा आकडा उघडायचा आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. आकडा अंशाअंशाने सरकला पाहिजे. दोन्ही टोकांचे आकडे जवळपास सारखे यावेत, फक्त एक अधिक, एक उणे. मध्येच आकडा थिजला, २०० वरून एकदम शून्यावर आला किंवा उलटा धावला, आणि दर वेळी त्याच जागी तसंच झालं, तर सेन्सर खराब धरायला हरकत नाही. आकडा सुरळीत फिरतोय, पण गाडी सरळ चालली असताना शून्याऐवजी आठ-दहा दाखवतोय? मग सेन्सर धडधाकट आहे, शून्य सरकलाय.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली, गोष्ट तुमच्यासारखीच. पूर्व द्रुतगती मार्गावर सरळ जाताना स्क्रीनवर ११ अंश. स्टिअरिंग मात्र डोळ्यांना अगदी सरळ. कव्हर काढलं तर नटावर पान्याचे ताजे ओरखडे, आणि स्टिअरिंगच्या चाकावरची खूण शाफ्टवरच्या खुणेपासून एक दात बाजूला! अलाइनमेंटवाल्याने दोन्ही टायरॉड सारखे न फिरवता एकाच बाजूचा फिरवला होता. त्याने स्टिअरिंग तिरकं आलं, म्हणून पठ्ठ्याने स्टिअरिंगचं चाकच उपसून एक दात पुढे बसवलं. गिऱ्हाईक खूश! सेन्सर मात्र शाफ्टवर बसलेला, तो खरं तेच सांगत होता. चाक खुणेवर परत आणलं, दोन्ही टायरॉड सेट केले, झीरो कॅलिब्रेशन केलं, म्हणजे स्कॅनरने सेन्सरला ‘सरळ म्हणजे शून्य’ हे नव्याने शिकवलं. दिवा गेला तो गेलाच. पार्ट एकही लागला नाही.

तुमच्या अलाइनमेंटनंतर झीरो कॅलिब्रेशन झालं का, हे विचाराच. बहुतेक वेळा समोरचा मान खाजवतो.

बॅटरीही बघून घ्या. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १४ च्या जवळ हवं. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं तर कॅनवरची मॉड्यूल्स एकमेकांच्या नावाने बोंबलायला लागतात. काही गाड्यांत बॅटरी काढून लावल्यावरही हा दिवा लागतो, मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून थोडी गाडी चालवली की आपोआप जातो.

यू०१२६ निघाला तर बॅटरी सोडून ओबीडीच्या (स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजायला सांगा. बऱ्याच गाड्यांत तिथे ६० च्या आसपास येतं, कारण लाइनच्या दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आलं तर लाइन कुठेतरी तुटलीय. गाडी मिलन किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गेली असेल, तर आधी खालच्या कपलरांच्या पिना हिरव्या पडल्यात का ते बघा.

हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं मेलीत आणि एअरबॅगचाही दिवा आहे, असं एकत्र असेल तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगला वायरींनी जोडून ठेवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवर. बऱ्याच गाड्यांत ती आणि सेन्सर एकाच डब्यात येतात. हे घरी उघडू नका. बॅटरी सोडून काही मिनिटं थांबल्याशिवाय एअरबॅगला हात लावायचा नसतो आणि त्याच्या पिवळ्या कपलरात मल्टिमीटर घालायचाच नसतो.

तोवर गाडी चालवता येईल. फक्त ईएसपीचा दिवा असेल तर साधा ब्रेक लागतो, पण ओल्या फ्रीवेवर जपून. एबीएस आणि लाल ब्रेकचा दिवाही सोबत लागला तर मात्र गाडी हलवू नका.

आणि सगळं तपासून सेन्सरच गेलेला निघाला, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुना आणायचा मोह होईल. आणा, पण पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून. बसवताना क्लॉक स्प्रिंग मध्यावर ठेवायला सांगा, नाहीतर पहिल्याच यू-टर्नला आतली पट्टी तुटते. कॅलिब्रेशन सपाट जागेवर, पुढची चाकं सरळ ठेवून. सोसायटीच्या पोडियमच्या उतारावर कुणी करू लागला तर थांबवा.