‘ज्वेल थीफ’ (१९६७) हा हिंदी चित्रपट आज पहिल्यांदा पाहिला तर आवडेल का? लोक अजूनही एवढं कौतुक का करतात?

आवडेल, फक्त आधी कुणाकडून शेवट ऐकू नका.

विनय हा रत्नांचा पारखी. भेटेल तो त्याला ‘अमर’ समजतो, शालिनी तर त्याला आपला वाग्दत्त वर म्हणते. अमरच्या पायाला सहा बोटं आहेत, म्हणून भर पार्टीत विनयला बूट काढून पाय दाखवावा लागतो. त्या प्रसंगापासून कोण खरं बोलतंय हेच कळेनासं होतं. दिग्दर्शक विजय आनंद यांनी प्रेक्षकाला किती हुशारीने फसवलंय, ते दुसऱ्यांदा पाहताना जास्त जाणवतं. माझ्या मते खरी मजा दुसऱ्यांदाच.

‘होठों पे ऐसी बात’ हे गाणं तर रहस्याचाच भाग आहे. वैजयंतीमालाचं नृत्य, लताबाईंचा आवाज, संगीतकार सचिनदांचा (सचिन देव बर्मन) ठेका आणि गर्दीत फिरणारा कॅमेरा! गाणं सुरू असतानाही जीव टांगणीला लागलेला असतो.

लांबी जास्त आहे, ही तक्रार मला मान्य. शेवटाकडे योगायोगही फार होतात. पण अशोककुमार आणि तनुजा यांच्यासाठी, शिवाय तेव्हा भारताचं संरक्षित राज्य असलेल्या सिक्कीमच्या दृश्यांसाठी मी तो पुन्हा पाहीन.