वाचकांचे प्रश्न : नाणं टाका, हवा भरा

नागपूरच्या हिंगणा रोडवरून एक वाचक विचारतात : भावाच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर थोडी जागा मोकळी आहे, तिथे दहाचं नाणं टाकून चालणारं टायरमध्ये हवा भरायचं मशीन लावायचं म्हणतो. चालेल का, आणि कॉम्प्रेसर केवढा घेऊ?

चालेल भाऊ, पण आधी जवळचा पेट्रोल पंप कुठे आहे ते बघा, कारण पंपावर हवा फुकटच द्यावी लागते आणि फुकट सोडून तुमच्याकडे कोणी उगाच येणार नाही. तुमच्याकडे माणूस येईल तो वेळेसाठी आणि हवा बरोबर भरली जाईल या भरवशासाठी. एमआयडीसीचा रस्ता आहे, सकाळच्या शिफ्टला पोट्टे गाड्या घेऊन निघतात तेव्हा पंक्चरवाल्याचं शटर बंदच असतं, तुमचं खरं गिऱ्हाईक तेच.

दुचाकी आणि कारपुरतं असेल तर सिंगल फेजवर चालणारा 2 एचपीचा, टाकीवाला कॉम्प्रेसर पुरतो. ट्रकच्या नादी लागू नका, त्यांना 100 च्या वर पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागतो आणि टायरही मोठं, तुमची मोटर नुसती धापा टाकत राहील. प्रेशर स्विच, म्हणजे टाकीतल्या दाबावर मोटर चालू-बंद करणारं बटण, साधारण 6 किलो दाबाला चालू आणि 8 किलोला बंद असा ठेवला तर पुष्कळ झालं. वीज घरच्या मीटरवरून ओढू नका, महावितरणकडून कमर्शियल कनेक्शनच घ्या, आणि अर्थिंग नीट करून घ्या, पावसात ओल्या हाताने लोक त्या पत्र्याच्या डब्याला हात लावणार आहेत. कॉम्प्रेसरवर सावली पाहिजेच. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, त्या उन्हात उघड्यावरची मोटर तापून ट्रिप होते आणि बाहेर लोंबणारी नळी कडक होऊन तडकते.

मशीन घेताना मिनिटांवर चालणारं घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. तीन मिनिटं संपली, हवा अर्धीच भरली, की माणूस भांडतो आणि त्याचं बरोबरच असतं. आकडा सेट केला की तिथे आपोआप थांबणारं डिजिटल मशीन थोडं महाग पडतं, पण ते मधेमधे हवा थांबवून टायरमधलं खरं प्रेशर मोजतं.

मानेवाड्याहून : मशीन लावलं पण कधी नाणं घेतं, कधी परत फेकतं, आणि एकदोनदा तर दुसऱ्याच नाण्यावर चालू झालं. काहून होते असं?

आपल्या नाण्यांचंच तसं आहे ना. 2011 पासूनचं पाचचं नाणं 23 मिलिमीटरचं आणि दोनचं 25 चं, नंतर 2019 च्या नव्या मालिकेत दोनचं 23 चं झालं आणि पाचचं 25 चं! नुसत्या मापावर चालणारी खाच असेल तर ती फसणारच. दहाचं आणि विसाचंही माप सारखंच, 27 मिलिमीटर, फक्त विसाचं बारा कोनी आणि थोडं जड. म्हणून धातू ओळखणारा इलेक्ट्रॉनिक कॉइन अ‍ॅक्सेप्टर घ्या आणि फक्त दहाचं नाणं चालू ठेवा. त्याला नाणं शिकवावं लागतं, तेव्हा एकाच छापाचं नाणं दहा वेळा टाकून उपयोग नाही, जुनी नवी घासलेली चकचकीत अशी सगळी टाका. दहाच्या नाण्याचे 14 छाप चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत असं रिझर्व्ह बँकेनं 2018 मध्ये सांगितलं होतं. खाच आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ करा, तेल अजिबात नको, तेलावर धूळ बसते. आणि शेजारी यूपीआयचा क्यूआर लावाच, चिल्लर नाही म्हणून गिऱ्हाईक परत जाऊ नये.

वाडीच्या एक ताई लिहितात : नवऱ्याचं मशीन आता मीच बघते. पावसाळ्यात नळीतून पाणी येतं, आणि मोटर कधीकधी नुसती घूं करते, फिरत नाही.

ताई, पाण्याचं आधी. हवा दाबली की तापते, टाकीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते, फ्रीजमधल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं तसंच. टाकीच्या खाली ड्रेनचा कॉक असतो, तो रोज मशीन बंद करताना उघडायचा, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. हे टाळलं तर टाकी आतून गंजते आणि गंजलेली टाकी दाबाखाली फुटू शकते, म्हणून यात आळस नको. दाब फार वाढला की हवा सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हची कडीही महिन्यातून एकदा ओढून बघा, हवा सुटली पाहिजे. तो व्हॉल्व्ह गळतो म्हणून कोणी बोल्ट ठोकून बंद करून देतो म्हणाला तर त्याला हातही लावू देऊ नका.

मोटरचं असं, कॉम्प्रेसर बंद होताना फुस्स आवाज येतो का ते ऐका. तो आवाज म्हणजे पिस्टनवरचा दाब मोकळा झाला. तो येत नसेल तर पुढच्या वेळी मोटर भरलेल्या दाबावर चालू व्हायला बघते, फिरत नाही, घूं करते आणि वाइंडिंग जळतं. प्रेशर स्विचचा अनलोडर (हा दाब मोकळा करणारा भाग) आणि टाकीतली हवा मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह तपासून घ्या. आवाज बरोबर असेल तर मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर बिघडलेला किंवा कमी व्होल्टेज. तोपर्यंत घूं ऐकू आलं की लगेच स्विच बंद. मेकॅनिक आलाच आहे तर एअर फिल्टरही काढून बघायला सांगा, रस्त्याची कामं चालू असली की तो फार लवकर चोंदतो.

सक्करदऱ्याहून थोडक्यात : उन्हाळ्यात हवा कमी भरावी म्हणतात, गिऱ्हाईकाला काय सांगू?

कमी नाही. गाडीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच, पण थंड टायरला. तापमान 5-6 अंशांनी वाढलं की साधारण 1 पीएसआय वाढतो, आणि गाडी चालून आली की आणखी. तापलेल्या टायरमधून हवा काढली तर सकाळी ती कमी भरते, आणि कमी हवेचं टायर उन्हात जास्त दबतं, जास्त तापतं, फुटायची भीती त्यालाच जास्त. मशीनजवळ मोठ्या अक्षरात हे लिहून लावा. आणि एक चांगला हातातला दाब मोजायचा गेज वेगळा जपून ठेवा, महिन्यातून एकदा त्याच्याशी मशीनचा आकडा ताडून बघा. 2 पीएसआयचा फरक दिसला तर दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद ठेवा, दिवसाचा धंदा बुडाला तरी चालेल.