एमबीएची क्रेडिट्स हस्तांतरित करताना

नव्या संस्थेचे शुल्क भरण्याआधी, जुन्या संस्थेत पूर्ण केलेले आपले कोणते विषय आणि त्यांची क्रेडिट्स (विषयाच्या अभ्यासभारानुसार मिळणारे श्रेयांक) ग्राह्य धरली जातील याचे लेखी उत्तर मागून घ्यावे. तोंडी होकारावर विसंबणे ही नवख्यांकडून सर्रास होणारी चूक आहे. केवळ गुणपत्रक पुरत नाही. प्रत्येक विषयाचा, आपण तो ज्या सत्रात शिकलात त्याच सत्रातला सविस्तर अभ्यासक्रम, म्हणजे आठवडावार घटक, पाठ्यपुस्तके आणि मूल्यमापनाची पद्धत, सोबत जोडावा, कारण ‘वित्तीय व्यवस्थापन’ हे नाव जुळले तरी आशय जुळेलच असे नाही. तिमाही पद्धतीची 3 क्रेडिट्स सहामाही पद्धतीत साधारणपणे 2 भरतात, हेही आधीच मोजून ठेवावे. पायाभूत विषय तुलनेने सहज स्वीकारले जातात. अंतिम प्रकल्प मात्र बहुधा नव्या संस्थेतच करावा लागतो. बाकीचे बारकावे नंतर पाहता येतील, आधी अभ्यासक्रमाच्या प्रती मिळवाव्यात.