कार्ड संपत आलं, टेर्मिन मिळेना: जर्मनीतल्या वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. पत्रांत 'टेर्मिन' येईल, म्हणजे कार्यालयात भेटीची ठरलेली वेळ; आणि 'ब्लू कार्ड', म्हणजे पदवीधर परदेशी नोकरदारांना मिळणारा निवास-नोकरीचा परवाना. सुरुवातीलाच एक सांगते. आउसलेंडरबेहर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांचं कार्यालय, जर्मनीत शहर किंवा जिल्ह्याच्या पातळीवर चालतं आणि देशात अशी पाचशेहून जास्त कार्यालयं आहेत. कायदा सगळ्यांना एकच, पण फॉर्म, वेळा आणि उत्तर देण्याची पद्धत प्रत्येकाची निराळी. त्यामुळे बर्लिनमधल्या मैत्रिणीचं ज्या रीतीने झालं, त्याच रीतीने तुमचं होईल असं धरून चालू नका.

ताई, ब्लू कार्डावर मला चार वर्षं झाली, त्याची मुदत तीन आठवड्यांत संपते. दोन महिने रोज पहाटे वेबसाइट उघडतो, टेर्मिन नाही. ईमेलला उत्तर नाही. त्यात सांगलीला बाबांचं बायपासचं ऑपरेशन ठरलंय. मी जाऊन परत येऊ शकेन का?

आधी बाबांना लवकर आराम पडो.

आता पहिला प्रश्न: तुम्ही अर्ज केलाय की फक्त टेर्मिन मागितलाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या पहिल्या वर्षी मलाही हे ठाऊक नव्हतं. टेर्मिन मागितला म्हणजे काम झालं, अशा समजुतीत मी राहिले. मुदत संपून नऊ दिवस झाल्यावर खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुमचा अर्ज कुठे आहे?" त्या दिवशी तिथल्या बाकावर बसून थरथरत्या हाताने मी अर्ज लिहिला. त्या बाईंनी समजून घेतलं म्हणून निभावलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

निवास कायद्याचं ८१वं कलम तुमच्या बाजूचं आहे. मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज कार्यालयात पोचला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू आहे असंच धरलं जातं. नोकरीचा हक्कही त्याच्यासोबत चालू राहतो. कार्यालयाला उशीर झाला, तर तो तुमचा गुन्हा होत नाही. म्हणून आजच अर्ज करा. ऑनलाइन फॉर्म असेल तर भरा आणि पोचपावती जपून ठेवा. नसेल तर सहीचा अर्ज, पासपोर्ट आणि कार्डाच्या प्रती, नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपावत्या आणि विम्याचा दाखला रजिस्टर पोस्टाने पाठवा. पत्र जर्मनमध्ये लिहा, कारण कार्यालयाची भाषा कायद्याने जर्मन आहे.

आता प्रवासाचं. अर्ज केलाय याचा पुरावा म्हणून कार्यालयाने द्यायच्या कागदाला फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणतात. त्याची फी १३ युरो. त्यावर तीन चौकटी असतात. तिसऱ्या चौकटीवर, म्हणजे 'परवाना चालू समजला जातो' या ओळीवर खूण असेल, तर तुम्ही भारतात जाऊन परत येऊ शकता. वेगळ्या चौकटीवर खूण असेल तर तिकीट काढण्याआधी विचारा. पासपोर्ट, मुदत संपलेलं कार्ड आणि हा कागद, तिन्ही हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबई विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलामुलींनी हा कागद क्वचितच पाहिलेला असतो. तेव्हा तिथे लवकर पोचा, शांतपणे समजावा, आणि शक्यतो सरळ जर्मनीत उतरणारं विमान निवडा. हा कागद नसताना गेलात आणि तिकडे कार्ड संपलं, तर मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासातून नव्याने व्हिसा काढण्याची वेळ येऊ शकते. कागद तातडीने हवा असेल तर हॉस्पिटलचं पत्र इंग्रजीत घ्या, त्याच्या प्रतीसोबत 'तातडीचं' असं लिहून मागणी करा आणि त्याच दिवशी प्रत्यक्षही जा. दारावरून परत पाठवलं तरी लेखी मागणी दिल्याची नोंद तुमच्याकडे राहील.

अर्ज देऊन तीन महिने झाले आणि सबळ कारणाशिवाय निर्णय आला नाही, तर प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नसतो.

आणि हो, तुम्ही लिहिलंय की ब्लू कार्डावर चार वर्षं झाली. मग मुदतवाढच का मागता? ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनंतर कायमचा परवाना मागता येतो, त्याला ए१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं जर्मन पुरतं. बी१, म्हणजे मधल्या पातळीचं असेल तर २१ महिन्यांनी. तेवढे महिने पेन्शनचे हप्ते भरलेले हवेत, आणि इथल्या कायदा-समाजाची तोंडओळख दाखवावी लागते. बहुतेकांची फी ११३ युरो. एकाच पत्रात कायमचा परवाना मागा आणि तो नाकारला गेला तर मुदतवाढ द्या असं लिहा.

कंपनीने पुनर्रचनेच्या नावाखाली काढून टाकलं. ब्लू कार्डाला १४ महिने झालेत. दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो असं ऐकलं. खरं का?

खरं नाही. दोन आठवड्यांची अट आहे ती कळवण्याची. नोकरी मुदतीआधी संपणार हे समजल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तुम्ही आउसलेंडरबेहर्डेला सांगायचं असतं. घाबरून लोक गप्प बसतात, आणि पुढे त्या गप्प बसण्याचाच त्रास होतो. कळवल्यावर कार्यालय सहसा नवी नोकरी शोधायला तीन ते सहा महिने देतं.

त्याआधीच्या दोन तारखा अधिक घाईच्या आहेत. काढून टाकल्याचं पत्र चुकीचं वाटत असेल तर कामगार न्यायालयात जायला ते हाती पडल्यापासून फक्त तीन आठवडे मिळतात. आणि रोजगार कार्यालयात नोकरी शोधत असल्याची नोंद तीन दिवसांत करायची असते. गेल्या ३० महिन्यांत १२ महिने हप्ते भरले असतील तर बेकारी भत्ता मिळतो: निव्वळ पगाराच्या साधारण ६० टक्के, मूल असेल तर ६७. हा तुमच्याच हप्त्यांचा विमा आहे. तो घेतल्याने 'सरकारवर भार' अशी नोंद होत नाही, तेव्हा संकोच करू नका.

ब्लू कार्डाला १२ महिने उलटल्यामुळे नवी नोकरी धरताना कार्यालयाची संमती लागत नाही. पहिल्या वर्षात मात्र बदल कळवावा लागतो आणि कार्यालय तो ३० दिवस रोखून तपासू शकतं. नव्या नोकरीचा पगार ब्लू कार्डाच्या त्या वर्षीच्या मर्यादेत बसतो का ते पाहा. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि ती दर जानेवारीत बदलते. कार्डासोबतच्या पुरवणी कागदावर कंपनीचं नाव किंवा अट छापली आहे का, तेही वाचा. कित्येकांनी तो कागद उघडूनही पाहिलेला नसतो.

मार्चअखेर बाळंतपण आहे. आईचा ९० दिवसांचा व्हिसा इथे आल्यावर वाढवून मिळेल का?

मिळेल असं धरू नका. आजारपण किंवा अचानक ओढवलेली आपत्ती अशा कारणांनीच शेंगेन व्हिसा, म्हणजे हा ९० दिवसांचा युरोपभेटीचा व्हिसा, वाढतो. बाळंतपणाची तारीख आधीपासून माहीत असते, म्हणून ते कारण सहसा चालत नाही. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, हा हिशेब रोज त्या दिवसापासून मागे मोजून होतो. १२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर येण्याजाण्याची नोंद यंत्रात घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे चार दिवस इकडेतिकडे झालेलेही दिसतात.

आमच्या ओळखीतल्या घरांत वाटणी करतात. आई तारखेच्या आठवडाभर आधी येते, तिचे दिवस संपत आले की सासूबाई. डिंकाचे लाडू पहिल्या बॅगेत, बाळंतविडा दुसऱ्या. महिनाभर आधी बोलावलंत तर नेमके गरजेचे दिवस वाया जातील.

बाळाचंही पाहा. जन्मानंतर सहा महिन्यांत त्याच्या परवान्याचा अर्ज करायचा, आणि भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्मनोंद. तुमच्यापैकी एकाची इथे कायदेशीर पाच वर्षं झाली असतील आणि कायमचा परवाना असेल, तर बाळ जन्मतःच जर्मन नागरिक ठरतं. त्या वेळी वेगळी वाट घ्यावी लागेल, तेव्हा आधीच विचारून ठेवा.

माझ्या कार्डावर वडिलांचं नावही माझंच पहिलं नाव म्हणून छापलंय. गुणपत्रिकेवर आडनाव आधी. कार्यालय म्हणतं, ही दोन वेगळी माणसं.

हे आपल्या महाराष्ट्राचं खास दुखणं. पासपोर्टात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात येतं, जर्मन माणूस ती दोन्ही तुमचीच नावं समजतो. विद्यापीठाच्या कागदावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही. मी भाषांतर करताना तळाशी टीप घालते: 'महाराष्ट्रात नावांचा क्रम असा असतो, मधलं नाव वडिलांचं असतं.' तुमच्या शपथबद्ध अनुवादकाकडून तशी टीप मागून घ्या. इथून पुढे भाडेकरार, बँक, विमा सगळीकडे पासपोर्टातलंच नाव अक्षरशः तसंच लिहा.

लग्न होऊन इथे आले त्याला दोन वर्षं दहा महिने झाले. भांडण झालं की नवरा म्हणतो, "उद्याच तुझा व्हिसा कॅन्सल करतो." हल्ली हातही उचलतो. पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे. मी बी.ई. आहे, पण नोकरी नाही. माहेरी सांगितलेलं नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा परवाना तुमच्या नवऱ्याला रद्द करता येत नाही. तो अधिकार फक्त कार्यालयाचा आहे, आणि तेही आधी तुमचं म्हणणं ऐकून घेतं.

निवास कायद्याच्या ३१व्या कलमाप्रमाणे जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाला की वेगळं झाल्यावरही पत्नीला स्वतःचा स्वतंत्र परवाना मिळतो, आधी एक वर्षासाठी. त्या वर्षात सरकारी मदत घ्यावी लागली तरी तो नाकारत नाहीत. पण 'अजून दोनच महिने' म्हणून मार खात थांबू नका. घरात हिंसा असेल तर तीन वर्षांची अट सोडता येते, आणि तो अपवाद कायद्यातच लिहिलेला आहे. त्यासाठी पुरावा लागतो: डॉक्टरांकडे जाऊन जखमांची नोंद, पोलिसांचा अहवाल, महिला निवाऱ्याचं पत्र, फोनवरचे धमक्यांचे संदेश. त्यांच्या प्रती त्याच्या हाती न लागणाऱ्या ईमेलवर ठेवा.

पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडवून ठेवायचा हक्क नवऱ्याला नाही. सहज घेता आला तर घ्या. त्यासाठी झटापट नको. मिळाला नाही तर पोलिसात नोंद करून भारतीय दूतावासात नवा मागता येतो. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो आजच काढा.

तुमच्या कार्डावर काम करायची मुभा आहे. पदवीला साजेशी नोकरी मिळाली तर भारतात न परतता स्वतःच्या नावाचा नोकरीचा परवाना मागता येतो, मग लग्नाची वर्षं मोजायची गरजच उरत नाही.

हिंसाग्रस्त महिलांसाठीचा फोन ११६ ०१६. दिवसरात्र चालतो, मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही आणि दुभाषी जोडून देतात. जीवाला धोका वाटला त्या क्षणी ११०, तो पोलिसांचा. आणि माहेरी एका माणसाला तरी सांगा, आईला जमत नसेल तर मावशीला, मैत्रिणीला. अर्ज लिहायला घ्याल तेव्हा मला कळवा. तुमच्या शेजारी बसून मी तो जर्मनमध्ये लिहून देईन.